पांढरीपासून सभागृहापर्यंत : पुरातत्त्वज्ञांचे लोकप्रतिनिधित्व

पुरातत्त्वज्ञाचा राजकारणाशी संबंध येतो तो जमिनीमुळे. त्याचा पुरावा कोणाच्या तरी शेतात, जुन्या गावठाणात किंवा नव्या रस्त्याच्या आखणीत पडलेला असतो. त्या जमिनीचे काय करायचे हे ठरवण्याचे अधिकार ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत वाटलेले असतात. उत्खननाचा परवाना सरकार देते, पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि स्मारकापासून किती अंतरावर बांधकाम चालेल हे कायदा सांगतो.

महाराष्ट्रात हा संबंध गावाच्या कडेच्या पांढरीच्या टेकाडावर स्पष्ट दिसतो. कसायच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याची रीत जुनी आहे. चुलींची राख, पडलेल्या मातीच्या भिंती आणि शेणसारवण यांचे थर शेकडो वर्षे साचून ही माती पांढुरकी झालेली असते. धाब्याच्या घरांवर अंथरायला आणि शेतात टाकायला ती उकरून नेली जाते. यंत्राने कापलेल्या अशा टेकाडाची कड जवळून पाहिली, तर वरच्या हातभर मातीत बांगड्यांच्या काचा, त्याखाली राखेचा पट्टा, मग चोपून केलेली जमीन आणि आणखी खाली तांबडी-काळी खापरे असे थर उघडे पडलेले दिसतात. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत कित्येक पिढ्यांचा पुरावा निघून जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. ती ट्रॉली थांबवण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाच्या हाती नसतो. म्हणूनच या विद्याशाखेतील काही जणांनी निवडणुकीची वाट धरली. त्यांच्या अनुभवातून आणि भारतातील नियमांतून इच्छुकाला पुढील मार्गदर्शन मिळते.

निर्णय कोठे होतात

राजकारणात उतरण्यापूर्वी कोणता निर्णय कोणाच्या हाती आहे हे नेमके माहीत असावे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हा विषय तीन ठिकाणी विभागलेला आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व स्थळे संघ सूचीत (नोंद ६७), इतर प्राचीन स्मारके व संग्रहालये राज्य सूचीत (नोंद १२), तर राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) येतात.

केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालील स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरते. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० चा असून त्याखालील स्मारके राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. या दोन्ही याद्यांत नसलेली टेकाडे, बारवा, वीरगळ आणि गढ्या यांची संख्या फार मोठी आहे. त्यांचे भवितव्य व्यवहारात महसूल खाते, गौण खनिजाचे परवाने, विकास आराखडा आणि ग्रामसभेचे ठराव ठरवतात. ज्या ठिकाणी कायद्याचे छत्र नाही, तेथेच लोकप्रतिनिधीच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असते.

सहभागाचे मार्ग

निवडणूक हा अनेक मार्गांपैकी एक आहे, आणि दर वेळी तोच योग्य असतो असे नाही. पहिला मार्ग सल्ल्याचा. अमेरिकेत एडगर ह्युएट या पुरातत्त्वज्ञाने लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या बरोबरीने प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा मसुदा तयार केला आणि १९०६ मध्ये त्याचा कायदा झाला. ह्युएट स्वतः काँग्रेसचे सदस्य नव्हते.

दुसरा मार्ग सार्वजनिक संस्थांचा. मूळचे गोव्याचे डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईत वैद्यकी करत आणि अजिंठ्याच्या व गिरनारच्या शिलालेखांचा अभ्यासही करत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनीच शिलालेखांचे ठसे घेण्याच्या कामाला लावले. तेच भाऊ दाजी १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचे चिटणीस होते आणि पुढे १८६९ व १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले.

तिसरा मार्ग नियुक्तीचा. इजिप्तचे झाही हवास २०११ च्या उठावाच्या दिवसांत पुरावस्तू खात्याचे मंत्री झाले आणि त्याच वर्षी जुलैत पायउतार झाले. ग्रीसमध्ये लिना मेंडोनी या पुरातत्त्वज्ञ २०१९ मध्ये संस्कृतिमंत्री झाल्या. नियुक्त पदावर काम लवकर सुरू करता येते, पण ते पद नेमणाऱ्या सत्तेच्या आयुष्याशी बांधलेले असते. चौथा मार्ग निवडणुकीचा. त्यात वेळ, पैसा आणि मनःशांती सर्वांत जास्त खर्च होते, मात्र कायदा बदलण्याची ताकदही त्यातूनच मिळते.

लबक : नऊ वर्षांचा कायदा

निवडून आलेल्या पुरातत्त्वज्ञाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्लंडच्या जॉन लबक यांचे आहे. १८६५ च्या ग्रंथात त्यांनी अश्मयुगाचे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग असे दोन भाग पाडले, आणि ती नावे आजही जगभर वापरली जातात. १८७० मध्ये ते मेडस्टोन मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे संसदेत गेले.

त्या काळात एव्हबरी येथील प्रचंड शिलावर्तुळाच्या आतच एक खेडे वसलेले होते. उभ्या शिळांभोवती जाळ करायचा, दगड तापला की त्यावर थंड पाणी ओतायचे आणि तडकलेले तुकडे घरांच्या भिंतींना वापरायचे, असा उद्योग तेथे पूर्वीपासून झालेला होता. त्या जागेवर घरे उठणार असे दिसताच लबक यांनी पदरच्या पैशाने जमीन विकत घेतली. एक जमीन अशी वाचली, पण देशातील प्रत्येक स्थळ विकत घेणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून १८७३ मध्ये त्यांनी संरक्षणाचे विधेयक मांडले. खासगी मालमत्तेत ढवळाढवळ होते, या आक्षेपावर ते वर्षानुवर्षे अडले. अखेर १८८२ मध्ये कायदा झाला, तोही सौम्य रूपात. यादीत फक्त ६८ स्मारके होती आणि ती सरकारच्या देखरेखीखाली द्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते. सक्तीचे अधिकार १९१३ च्या कायद्याने आले. त्याच वर्षी लबक यांचे निधन झाले.

या कथेतून तीन व्यावहारिक गोष्टी शिकता येतात. पहिली : कायदा एका अधिवेशनात होत नाही. मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे, कारण सौम्य कायदाही पुढच्या कायद्याचा पाया ठरतो. दुसरी : फक्त पुरातत्त्वावर बोलणाऱ्या सदस्याचे सभागृह फार काळ ऐकत नाही. लबक यांनी १८७१ मध्ये बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्यांचा कायदा आणला होता, दुकानांतील कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला होता. कष्टकऱ्यांच्या सुट्टीसाठी झटणारा माणूस शिळांसाठी बोलू लागला तेव्हा त्याला श्रोते मिळाले. तिसरी : कायदा कागदावर राहू नये म्हणून त्याच्या अंमलबजावणीला जाणता माणूस लागतो. नव्या कायद्याखालचे पहिले निरीक्षक म्हणून पिट-रिव्हर्स हे कसलेले उत्खननकार आले.

तेयो, यादिन, बिंगहॅम, रेनफ्रू

पेरूचे हुलिओ तेयो डोंगराळ वारोचिरी भागातील केचुआ भाषक घरात जन्मले. हार्वर्डहून शिकून आल्यावर १९१७ मध्ये ते त्याच भागातून काँग्रेसवर निवडून गेले आणि दशकभर तेथे राहिले. याच काळात त्यांनी चाविन आणि पाराकासची संशोधने केली आणि पेरूच्या पुरातत्त्व संग्रहालयाची धुरा वाहिली. १९२९ मध्ये पेरूने हिस्पॅनिकपूर्व अवशेषांना राष्ट्राची मालमत्ता ठरवणारा कायदा केला. पण तेयो अध्यक्ष लेगिया यांच्या गोटातले मानले जात. १९३० मध्ये लेगिया यांची सत्ता उलथली आणि तेयोंचे संचालकपदही गेले. एका नेत्याच्या आधाराने उभी राहिलेली संस्था त्या नेत्याबरोबर डगमगते. म्हणून संग्रहालय, निधी व पदे नियमांनी बांधून घ्यावीत आणि विरोधी बाकांवरही संस्थेचे मित्र जोडावेत.

इस्रायलचे यिगाएल यादिन यांनी लष्करप्रमुखपदानंतर हाझोर आणि मसादा येथे उत्खनने केली. त्यांनी १९७६ मध्ये काढलेल्या पक्षाला १९७७ च्या निवडणुकीत १२० पैकी १५ जागा मिळाल्या. निवडणूक पद्धतीत सुधारणा हे त्या पक्षाचे मुख्य वचन होते. मात्र पक्ष सरकारात सामील झाला तोवर पंतप्रधान बेगिन यांच्याकडे बहुमत जमलेले होते, त्यामुळे अट घालण्याची ताकद उरली नव्हती. १९७८ मध्ये पक्ष फुटला. उपपंतप्रधान यादिन १९८१ मध्ये राजकारण सोडून पुन्हा संशोधनाकडे वळले आणि १९८४ मध्ये वारले. मसादाच्या अंतिम अहवालांचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ पासून प्रसिद्ध झाले. वाटाघाटीची वेळ साधणे आणि उत्खननाचा अहवाल हातावेगळा करणे, हे दोन्ही धडे येथे एकत्र मिळतात.

माचू पिचू जगासमोर आणणारे हायरम बिंगहॅम १९२४ मध्ये कनेटिकटचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि पाठोपाठ अमेरिकी सिनेटवरही. गव्हर्नरपद त्यांनी जानेवारी १९२५ मध्ये एकच दिवस भूषवले. आयातशुल्काच्या विधेयकावर काम करताना त्यांनी कारखानदारांच्या संघटनेच्या पगारी माणसाला सिनेटच्या नोकरीत घेतले. याबद्दल १९२९ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध २२ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. संशोधनाची कीर्ती हितसंबंधांच्या प्रश्नावर ढाल होत नाही.

ब्रिटनचे पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू १९६८ मध्ये शेफील्डच्या पोटनिवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे उभे राहिले आणि हरले. पुढची दोन दशके त्यांनी संशोधनाला दिली. १९९१ मध्ये ते लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य झाले आणि चोरट्या पुरावस्तूंच्या व्यापाराविरुद्ध तेथे सातत्याने बोलत राहिले. पराभव म्हणजे सार्वजनिक कामाचा शेवट नसतो. दरम्यान अभ्यास वाढला तर पुढची संधी अधिक उपयोगी पडते.

भारतात पात्रता आणि बंधने

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील कर्मचाऱ्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात. नियम ५ नुसार त्याला राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही आणि निवडणूक लढवता येत नाही. तो मतदान करू शकतो, पण मत कोणाला देणार हे जाहीर करू शकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ च्या वर्तणूक नियमांत अशीच तरतूद आहे. अशा व्यक्तीने राजीनामा मंजूर झाल्यावर किंवा निवृत्तीनंतरच पाऊल उचलावे. राजीनामा दिला पण मंजूर झाला नाही, एवढ्या कारणावरूनही अर्ज धोक्यात येतो, म्हणून मंजुरीचा लेखी आदेश हाती असावा.

विद्यापीठांतील आणि अभिमत विद्यापीठांतील अध्यापकांचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. त्यांनी आपल्या संस्थेचे परिनियम वाचून लेखी परवानगी व रजेची व्यवस्था आधी करून घ्यावी. शासनाच्या समितीवर मानधन घेणाऱ्याने संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ मधील लाभाच्या पदाची तरतूद तपासावी. स्मारकांच्या जतनाची कंत्राटे घेणाऱ्यांसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ९अ महत्त्वाचे आहे. संबंधित सरकारचे काम पार पाडण्याचा करार चालू असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. त्यामुळे कंत्राट पूर्ण करून किंवा रीतसर सोडून मगच अर्ज भरावा.

सुरुवात कोठून करावी

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांसाठी किमान वय २१ आहे, विधानसभा व लोकसभेसाठी २५, विधान परिषद व राज्यसभेसाठी ३०. अननुभवी उमेदवाराने खालच्या पायरीपासून सुरुवात करावी, आणि याचे कारण फक्त खर्च हे नाही. असंरक्षित स्थळांचा नाश तालुक्याच्या पातळीवरच होतो आणि तो तेथेच थांबवता येतो.

ज्यांना मोठ्या प्रचाराचे बळ नाही त्यांच्यासाठी आणखी काही दारे आहेत. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर, ७ शिक्षक मतदारसंघातून आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. राज्यसभेवर साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ व्यक्तींची नियुक्ती होते. नगरपालिकांत स्वीकृत सदस्य घेतले जातात. त्यांना सभेत बोलता येते, मतदानाचा हक्क नसतो.

प्रचारात काय बोलावे

मतदार पाणी, रस्ता, शाळा आणि रोजगार यांची उत्तरे मागतो, आणि ती मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पुरातत्त्वज्ञाने वारसा हा विषय या प्रश्नांच्या आत बसवावा. गावची बारव गाळ काढून वापरात आणणे हा पाण्याचाही प्रश्न आहे. टेकाडाखाली जमीन अडकलेल्या शेतकऱ्याला मोबदला किंवा पर्यायी जागा मिळवून देणे हा पोटाचा प्रश्न आहे. संरक्षणाचा सगळा भार ज्याच्या शेतात स्थळ सापडले त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणारा उमेदवार निवडून येत नाही आणि यायलाही नको.

सर्वांत मोठा मोह म्हणजे उत्खननातील निष्कर्ष मतांसाठी वापरणे. कोण मूळचे, कोण बाहेरचे, कोणती वास्तू कोणाची, असे प्रश्न प्रचारात टाळ्या मिळवतात. खापरांवरून भांडी घडवण्याची पद्धत कळते, जात किंवा आजचा धर्म कळत नाही. धर्म, जात वा भाषेच्या आधारे मत मागणे हा १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचारही ठरतो. पुरातत्त्वज्ञाने सभागृहात जावे ते पुरावा वाचवण्यासाठी. पुराव्याचा अर्थ बहुमताने ठरत नाही, तो अहवाल, चिकित्सा आणि फेरतपासणीतूनच ठरावा. ही मर्यादा ज्याला पाळता येत नाही त्याने उमेदवारी करू नये, कारण त्याच्या एका भाषणाने साऱ्या शाखेवरचा विश्वास उडू शकतो.

निवडून आल्यावर

ग्रामपंचायत सदस्याने पहिल्या वर्षात गावातील स्थळांची यादी करावी. गट क्रमांक, मालकाचे नाव, स्थळाचा विस्तार आणि छायाचित्र एवढ्या नोंदी पुरतात. संरक्षित स्थळ असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात त्याचा उल्लेख आहे का ते तलाठ्याकडे तपासावे. ही यादी ग्रामसभेत वाचून ठरावासह मंजूर करावी आणि तिची प्रत तहसीलदार व पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवून पोच घ्यावी. मातीच्या उत्खननाचा परवाना मागणारा अर्ज आला की अधिकाऱ्यासमोर ही यादी असणे, हेच त्या टेकाडाचे पहिले कुंपण होय.

आमदाराकडे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना आणि अशासकीय विधेयक ही साधने असतात. प्रश्न नेमका असावा. ‘वारशाकडे दुर्लक्ष का’ असे विचारले की मोघम उत्तर येते. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणत्या स्मारकाची अंतिम अधिसूचना किती वर्षे रखडली आहे, असे विचारले की आकडे द्यावेच लागतात.

नेमक्या पाठपुराव्याचे फळ संसदेत दिसले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात, पाहणी केलेल्या १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर आढळली नव्हती. त्यानंतर परिवहन, पर्यटन व संस्कृती या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने हा मुद्दा लावून धरला, तेव्हा पुढील हिशेब समोर आला : ४२ सापडली, १४ शहरवाढीत गेली, १२ जलाशयांखाली बुडाली आणि २४ चा ठावठिकाणा लागला नाही. प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक बांधकामांना वाट देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये संमत केले होते. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. अशा समितीत उत्खननाचा चर स्वतः आखलेला एक सदस्य असला, तर १०० मीटर म्हणजे जमिनीवर किती, त्या पट्ट्यात पायाखाली काय दडलेले असते, हे तो बाकीच्यांना समजावून देऊ शकतो.

हितसंबंध आणि अपुरे अहवाल

पद स्वीकारण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाने तीन कामे उरकावीत. चालू उत्खननाचे संचालन सहकाऱ्याकडे सोपवून परवान्यात रीतसर बदल करून घ्यावा. परवाने आणि निधी देणाऱ्या यंत्रणेवर ज्याचा प्रभाव आहे, त्याने स्वतःसाठी परवाना मागणे योग्य नव्हे. स्वतःकडील वस्तू, वह्या, आराखडे व छायाचित्रे क्रमवार लावून संस्थेच्या ताब्यात द्यावीत. आणि अपुरे अहवाल पूर्ण करावेत, निदान सहलेखक नेमून त्यांची मुदत ठरवावी. उत्खनन म्हणजे पुराव्याचा नियंत्रित नाशच असतो. अहवाल न लिहिता राजकारणात गेलेल्या उत्खननकाराने ते स्थळ दुसऱ्यांदा गमावलेले असते.

पदावर असताना आपल्या जुन्या स्थळाशी, संस्थेशी किंवा विद्यार्थ्यांशी संबंधित निर्णय आला, तर तो संबंध बैठकीच्या आरंभीच सांगून इतिवृत्तात नोंदवावा आणि मतदानातून दूर राहावे. तज्ज्ञ म्हणून दिलेले मत आणि पक्षाचा सदस्य म्हणून केलेले भाषण ही दोन्ही वेगळी ठेवावीत. पक्षादेशामुळे विरुद्ध मत द्यावे लागले तरी तज्ज्ञ म्हणून आधी दिलेले लेखी मत बदलू नये.

मुदत संपल्यावर

परतीची वाट आधीच आखलेली असावी. राजीनामा देऊन गेलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला जुनी जागा परत मिळत नाही. अध्यापकाला रजेची मुदत सांभाळावी लागते. राजकारणाच्या काळात वर्षातून काही दिवस क्षेत्रकार्यावर जाणे, नवे अहवाल वाचणे आणि एखादा छोटा लेख लिहिणे चालू ठेवले, तर विद्येशी नाते तुटत नाही.

निरोपाच्या वेळी उत्तराधिकाऱ्याकडे स्थळांची यादी, पाठवलेल्या पत्रांच्या पोचा, सभागृहातील प्रश्नोत्तरे आणि अर्धवट राहिलेल्या विधेयकांचे मसुदे सोपवावेत, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. १८७३ च्या विधेयकापासून सक्तीच्या कायद्यापर्यंत इंग्लंडला ४० वर्षे लागली. एका मुदतीत जे साधत नाही ते दुसऱ्याच्या हातून साधावे, यासाठी खणलेल्या प्रत्येक थराची जशी नोंद ठेवली जाते, तशीच केलेल्या प्रत्येक प्रयत्नाची ठेवावी.